आजीचं ऑपरेशन नक्की कशासाठी थांबलंय?

शनिवारी संध्याकाळी पडून खुबा मोडलेल्या आजीचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी होतं, आणि मधल्या दिवसांत घरातल्या कोणालाही, कधीकधी हॉस्पिटलातल्याही कोणाला, काही चुकतंय असं वाटत नाही. सगळे आपापल्या परीने धावत असतात, कोणी रक्ताची सोय बघतंय, कोणी मेडिक्लेमवाल्यांच्या मागे लागलंय, कोणी मुंबईहून निघालेल्या भावाला दर स्टेशनला फोन करतंय, आणि ती बाई तिथे पाठीवर पडून आहे. खूप दिवस लिहायचं होतं याच्यावर, आज लिहितेच.

मी भूलतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गात काम करते. इकडे आमच्यातले बरेचजण एका हॉस्पिटलला बांधलेले नसतात, सकाळी कुडाळ, दुपारी सावंतवाडी, रात्री सिझेरियनसाठी कणकवली, असं चालतं. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं वर्षभर येतात, पावसाळ्यात तर जास्तच. आणि "भूलवाल्या डॉक्टरांनी फिटनेस दिला नाही म्हणून थांबलंय" हे वाक्य मी वॉर्डात इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

आधी हे फ्रॅक्चर काय असतं ते सांगते, कारण लोक याला हाताच्या फ्रॅक्चरसारखंच धरतात. खुबा मोडला असं आपण म्हणतो पण मोडतं ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक. कधी गोळ्याच्या खालची मान मोडते, तेव्हा गोळ्याला जाणारा रक्तपुरवठाच तुटतो, म्हणून वयस्कर माणसांत बहुतेकदा तो गोळा काढून कृत्रिम बसवतात, लोक म्हणतात "बॉल बदलला". कधी मानेच्या खाली ट्रोकँटरपाशी, म्हणजे हाडाच्या उंचवट्यापाशी मोडतं, तिथे हाडाच्या आत रॉड घालून वर स्क्रू देतात, पीएफएन म्हणतात ते. या दुसऱ्या प्रकारात मांडीच्या आत बरंच रक्त साचतं, बाहेर एक थेंब दिसत नाही, आणि ॲडमिट होताना 11 असलेलं हिमोग्लोबिन दोन दिवसांनी 8 वर आलेलं असतं आणि मग पुन्हा "रक्त चढवू, मग बघू".

मनगट मोडलं तर माणूस हात गळ्यात बांधून जेवतो, चालतो, संडासला जातो. इथे कूससुद्धा बदलता येत नाही. बेडपॅन सरकवताना ज्या कळा येतात त्या आठवून आजी पाणी प्यायचीच बंद होते, लघवीला लागू नये म्हणून. हे कोणी कोणाला सांगत नाही, पण सकाळी राउंडला जाऊन बाजूचा तांब्या बघितला तर तो भरलेलाच असतो. मग लघवी कमी, किडनीचे आकडे वर, लघवीत इन्फेक्शन, आणि दुसरीकडे सरळ पडून राहिल्याने छातीत कफ, कंबरेखाली आणि टाचेला लाल चट्टे, पायाच्या शिरेत गुठळी व्हायची भीती. पोटात अन्न नीट जात नाही. म्हाताऱ्या शरीरातले स्नायू अंथरुणात फार लवकर झडतात, तरुण माणसाचे महिनाभरात जेवढे जातील तेवढे जायला इथे महिना लागतच नाही. म्हणजे जिला आपण "आधी फिट करू, मग ऑपरेशन करू" म्हणून ठेवलंय ती रोज थोडी थोडी अनफिट होत चाललेली असते.

आता सगळ्यात मोठा प्रश्न, जो प्रत्येक घरातून येतो आणि येणारच, तो म्हणजे "वय 84 आहे हो मॅडम, झेपेल का ऑपरेशन?" भीती खरी आहे, मी ती कधी उडवून लावत नाही. पण प्रश्न अर्धाच विचारलेला असतो. ऑपरेशन झेपेल का, हे विचारतात, ऑपरेशन न करता असंच पडून राहणं झेपेल का, हे कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये नाइस नावाची संस्था उपचारांच्या गाइडलाइन काढते, त्यांनी 2011 मध्ये या फ्रॅक्चरची गाइडलाइन काढताना लिहिलं होतं की साधारण दहातला एक पेशंट महिन्याभरात जातो आणि वर्षभरात जवळजवळ एक तृतीयांश. यातले बरेचसे मृत्यू थेट हाडामुळे नसतात, आधीचे आजार असतात, अशक्तपणा असतो, मुळात माणूस पडतोच का, तर शरीर आधीच थकलेलं असतं म्हणून. तरीही आकडा आकडा आहे. हा आजार किरकोळ नाही. आणि ऑपरेशन फक्त परत चालवण्यासाठी नसतं, दुखणं थांबवण्यासाठी पण असतं. जी आजी आधीही घरातल्या घरातच फिरत होती, तिलाही निदान बसवता यावं, अंघोळ घालता यावी, कूस बदलताना तिने किंचाळू नये, एवढ्यासाठी सुद्धा ते करायचं असतं.

उशिराने किती फरक पडतो याच्यावर बरंच काम झालंय. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 72 हॉस्पिटलांतल्या 42,230 पेशंटचा अभ्यास 2017 मध्ये जामा या जर्नलमध्ये आला. त्यांना दिसलं की 24 तासांच्या पुढे थांबायला लागलं की धोका वाढायला लागतो. सारख्या तब्येतीचे पेशंट एकमेकांसमोर ठेवून बघितले तर 24 तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत महिन्याभरात 5.8 टक्के गेले आणि उशीर झालेल्यांत 6.5 टक्के. फरक वाचायला छोटा वाटतो. हजारामागे सात माणसं. पण ती सात माणसं निव्वळ वाट बघण्यात गेली असतील तर ते छोटं कसं म्हणायचं?

दुसरी बाजू पण सांगते, कारण व्हॉट्सॲपवर "सहा तासांत ऑपरेशन झालंच पाहिजे" असलं पण फिरतं आणि लोक घाबरून भांडायला येतात. हिप अटॅक नावाचा मोठा ट्रायल झाला, 17 देशांत, 2,970 पेशंट, त्यात भारतातली हॉस्पिटलंही होती, 2020 मध्ये लॅन्सेट या जर्नलमध्ये आला. एका गटाचं ऑपरेशन निदान झाल्यापासून साधारण सहा तासांत, दुसऱ्याचं नेहमीप्रमाणे साधारण 24 तासांत. तीन महिन्यांनंतर मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक नाही, मोठ्या कॉम्प्लिकेशनमध्येही नाही. लवकर झालेल्यांत भ्रम कमी झाला, 12 टक्क्यांवरून 9 टक्के, आणि ते उभे लवकर राहिले, घरी लवकर गेले. म्हणजे सहा तास की चोवीस तास यावर कोणी जीव टाकू नये. पण नीट बघा, त्या ट्रायलमधला जो "उशिराचा" गट होता तो 24 तासांचा होता! आपल्याकडे चोवीस तासांत झालं तर आपण पेढे वाटू. आपला वाद सहा आणि चोवीसचा नाहीच, आपला वाद एक-दोन दिवस आणि पाच-सात दिवस यातला आहे.

इंग्लंडने यावर जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. 2007 पासून त्यांनी प्रत्येक खुब्याच्या फ्रॅक्चरची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि 2010 पासून पेशंटचं ऑपरेशन 36 तासांत झालं, वृद्धांच्या डॉक्टरने वेळेत तपासलं, अशा काही अटी पूर्ण झाल्या तर हॉस्पिटलला त्या पेशंटमागे जास्तीचे पैसे मिळू लागले. पैसा जोडल्याबरोबर घड्याळ आपोआप सगळ्यांना दिसायला लागलं. आपल्याकडे हे घड्याळ कोणीच लावत नाही. पेशंटच्या फाइलमध्ये ॲडमिशनची वेळ असते, ऑपरेशनची वेळ असते, पण दोघांमधलं अंतर लिहायला रकाना नसतो.

आता "फिटनेस". हा शब्द आपल्याकडे सरकारी दाखल्यासारखा झालाय, मिळाला तर पुढे जायचं, नाही मिळाला तर बसून राहायचं. सगळ्यात जास्त गाडी अडते ती रक्तातल्या सोडियमवर, म्हणजे मिठातल्या क्षारावर. आजीला बीपीची गोळी चालू असते, त्यातलं लघवीचं औषध सोडियम कमी करतं, खाणं कमी असतंच, रिपोर्ट येतो 126. फिजिशियन लिहितात "करेक्ट सोडियम ॲन्ड रिव्ह्यू". आता सोडियम झपकन वाढवता येत नाही, मेंदूला इजा होते, दिवसाला आठ-दहाच्या वर जाऊ देत नाहीत. प्रत्यक्षात 135 ची, म्हणजे नॉर्मलची, वाट बघता बघता दोन-तीन दिवस जातात, आणि बरेचदा ते 135 होतच नाही कारण पेशंट जेवत नाहीये, आणि जेवत का नाहीये, तर दुखतंय! ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये स्पष्ट यादी दिली होती की कशासाठी थांबणं योग्य आहे. हिमोग्लोबिन 8 च्या खाली. सोडियम 120 च्या खाली किंवा 150 च्या वर. पोटॅशियम 2.8 च्या खाली किंवा 6 च्या वर. साखर हाताबाहेर गेलेली, हार्ट फेल्युअर आटोक्यात नाही, ठोके 120 च्या वर आणि दुरुस्त करता येण्यासारखे, छातीचं इन्फेक्शन अंगभर भिनून सेप्सिस झालेलं, रक्त गोठण्यातली सुधारता येणारी गडबड. बस. त्या यादीत 126 सोडियम नाही, 150/90 बीपी नाही, 220 शुगर नाही. ही कामं ऑपरेशनच्या जोडीने चालू ठेवायची असतात.

मग टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मोठ्या शहरात दुपारी मागितला तर संध्याकाळी होतो, आमच्याकडे इकोवाले डॉक्टर ठरलेल्या वारी येतात, त्यामुळे बुधवारी पडलेली आजी सोमवारपर्यंत इकोसाठी पडून राहू शकते. इको उपयोगी आहे, मला स्वतःला आवडतं हातात असलेलं, झडप आकसलेली असेल तर मी भूल वेगळ्या पद्धतीने देते, औषधं थेंबाथेंबाने देते. पण मी ऑपरेशनच नको असं इको बघून क्वचित म्हणते. जो रिपोर्ट आल्यावर निर्णय बदलणार नाही, त्या रिपोर्टसाठी चार दिवस का घालवायचे? स्टेथोस्कोपने मर्मर, म्हणजे हृदयाचा जास्तीचा आवाज, ऐकू येतेय, धाप लागतेय, तर समजून घ्यायचं की हृदय नाजूक आहे आणि तशी तयारी करून पुढे जायचं.

तिसरं, रक्त पातळ करायची गोळी. क्लोपिडोग्रेल असेल तर "सात दिवस बंद करून मग घेऊ" असं अजून सर्रास म्हणतात. कारण मणक्यात सुई घालून भूल द्यायची तर तिथे रक्तस्राव होईल ही भीती, आणि ती रास्त आहे. पण मग मणक्यातून देऊ नका ना! जनरल द्या, जोडीला नसेचा ब्लॉक, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन द्या. म्हाताऱ्यांना जनरल भूल म्हणजे संपलंच असा एक समज घट्ट बसलाय, अगदी डॉक्टरांतसुद्धा, पण 2021 मध्ये 1,600 पेशंटचा रिगेन नावाचा ट्रायल आला त्यात मणक्यातली आणि पूर्ण भूल यांत दोन महिन्यांनंतर जगण्यात किंवा चालण्यात फरक दिसला नाही. वॉरफरिन असेल तर व्हिटॅमिन के देऊन उलटवता येतं. एपिक्साबानसारख्या नव्या गोळ्या असतील तर किडनी बघून साधारण एक-दोन दिवस थांबावं लागतं, ते थांबणं खरं आहे.

हे सगळं ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या डॉक्टरच्या, फिजिशियनच्या, माझ्यासारख्यांच्या पुस्तकात आहे. नवीन काही नाही. तरी होत नाही, का? माझं मत सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. थांबण्याचा दोष कोणावरच येत नाही, म्हणून आपण थांबतो. आजी ऑपरेशन टेबलवर गेली तर "डॉक्टरने मारलं", काचा फुटतात, पोलीस येतात, पेपरात येतं. तीच आजी ऑपरेशनची वाट बघत सहाव्या दिवशी न्यूमोनियाने गेली तर "वय झालं होतं हो, सुटली बिचारी". दोन्हीकडे आजी गेलीच. पण पहिल्या वेळी बोट दाखवायला माणूस आहे आणि दुसऱ्या वेळी नाही. मग फिजिशियन अजून एक टेस्ट लिहितो, भूलतज्ज्ञ अजून एक सही मागतो, सर्जन म्हणतो त्यांचं क्लिअर होऊ दे, नातेवाईक म्हणतात सगळे आले की ठरवू. प्रत्येकाची पाठ सुरक्षित, फक्त तिची सोडून, आणि तिच्या पाठीला तर खरोखरीचे बेडसोर होतात.

नातेवाईकांवर राग काढत नाहीये मी. तळकोकणातल्या घरांत माणसं कोण उरलीत ते आम्ही रोज बघतो. आजी, आजोबा असले तर आजोबा, आणि शेजारी पण तशीच आजी. मुलगा डोंबिवलीला, मुलगी वसईला. पहाटे उठून परसाकडे जाताना पाय घसरला तर दूध घालणारा किंवा कामाला येणारी बाई येईपर्यंत जमिनीवर पडून राहायचं. त्यानंतर कोणीतरी उचलून खाटेवर ठेवतं, तेल लावतं, जवळच्या हाडवैद्याला बोलावतं, तो ओढून पट्टी बांधतो. पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, हे दिसलं की तेल-पट्टीच्या नादी लागू नका, सरळ 108 ला फोन करा. आणि उलटंही होतं बरं का, पाय सरळ दिसतो, आजी लंगडत चार पावलं चालते, एक्स-रे पण नॉर्मल म्हणतात, तरी जांघेत दुखतच राहतं, तेव्हा सीटी किंवा एमआरआयचं विचारा, चीर असलेलं फ्रॅक्चर एक्स-रेला कधीकधी दिसत नाही आणि चालून चालून सरकतं.

हॉस्पिटलात आल्यावर मग "झील येवंदे, मगे बघूया". मुलगा येऊ दे, मग बघू. आजोबा सही करत नाहीत, सून म्हणते मी कशी ठरवू, जावई म्हणतो मी बाहेरचा. मुलाला त्या दिवशीच्या गाडीचं रिझर्व्हेशन मिळत नाही, गणपतीचे दिवस असले तर विचारूच नका. तो आला की म्हणतो कोल्हापूरला नेऊया का, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला नेऊया का, आमच्याकडचे कितीतरी पेशंट गोव्याला बांबोळीला जातात ते पिढ्यानपिढ्याचं आहे. तेवढ्यात कोणी काढतं, परवा अमावस्या आहे. मी अमावस्येवर वाद घालत नाही, मी एवढंच म्हणते की अमावस्येच्या आधी करून टाकूया ना मग. बरेचदा ऐकतात.

पैशाचं तर आहेच. खाजगीत हा खर्च सहज लाखाच्या घरात जातो. योजनेतून करायचं तर महात्मा फुले योजनेत आधी प्रीऑथ, म्हणजे मंजुरी लागते, रेशन कार्ड गावाला राहिलेलं असतं, आधारवरचं नाव आणि रेशन कार्डावरचं नाव वेगळं असतं, कष्टाने झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळायला लागलंय, पाच लाखांपर्यंतचं. हे कार्ड आई-वडील ठणठणीत असताना काढून ठेवा. पडल्यानंतर काढायला गेलात तर तो पण उशीरच.

माझ्या आत्याचं लिहावं की नको असा विचार करत होते, लिहितेच. गणपतीच्या आधी खळ्यात शेवाळावरून घसरली. तोपर्यंत ती स्वतः विहिरीवरून पाणी आणणारी, गुरांचं बघणारी बाई होती. गावापासून जवळ पडेल तिथे नेलं, मी तिकडच्या हॉस्पिटलला जात नाही, फोनवर होते. पहिले इको. मग सोडियम. मग रॉडचा सेट बाहेरून यायचा होता, लहान गावात हे सेट हॉस्पिटलात ठेवलेले नसतात, पुण्या-कोल्हापूरहून डिलर पाठवतो, तो एसटीने आला तर साइज चुकीचा. मग रविवार. मधल्या काळात तिला सकाळपासून उपाशी ठेवायचे, "लिस्टला घेतलंय" म्हणून, आणि संध्याकाळी सांगायचे आज नाही होत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नियम असा आहे की जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी, पातळ चहा बिनदुधाचा, दोन तास आधीपर्यंत चालतो. ऐंशी पार केलेल्या बाईला रात्री दहापासून दुसऱ्या संध्याकाळी पाचपर्यंत पाण्याशिवाय ठेवायला कुठलंच शास्त्र सांगत नाही. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं, जी त्या वयात किडनीला मारतात, आणि ट्रॅमाडॉल, ज्याने तिला मळमळायचं.

मग एका रात्री ती भ्रमात गेली. सलाईन उपटलं, पलंगावरून उतरायला बघत होती, "गोरवां सोडूची आसत, माका घराक व्हरा", गुरं सोडायची आहेत, मला घरी न्या, म्हणून हाका मारत होती, स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हती. वॉर्डात म्हणाले म्हातारपणी असं होतंच, हात बांधून ठेवले. होतंच नाही. वेदना, उपास, झोप नाही, लघवीचं इन्फेक्शन, चष्मा आणि कानातलं मशीन कपाटात ठेवलेलं, ओळखीचा चेहरा नाही, यातून होतं ते, आणि यातलं बरंचसं टाळता येतं. शेवटी ऑपरेशन झालं, चांगलं झालं, एक्स-रे सुंदर होता. पण ती परत विहिरीपर्यंत गेली नाही. सकाळी कोणता दिवस आहे हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. मला त्या सर्जनबद्दल तक्रार नाही, त्याने हातातलं काम चोख केलं. माझी तक्रार त्या आधीच्या दिवसांबद्दल आहे, ज्यांची जबाबदारी एकानेही घेतली नाही.

आणि पायाला बांधलेलं ते वजन! कॉटच्या टोकाला दोरी, दोरीला वीट नाहीतर वाळूची पिशवी. ऑपरेशनच्या आधी असं ट्रॅक्शन लावून दुखणं कमी होतं याला पुरावा नाही, कॉक्रेन नावाच्या संस्थेने त्यावरचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितलेत. टाचेला जखमा मात्र होतात. दुखणं खरंच कमी करायचं असेल तर जांघेत नसेचा ब्लॉक देता येतो, फॅशिया इलियाका म्हणतात, सोनोग्राफीवर बघून पाच-दहा मिनिटांत होतो. तो दिल्यावर तीच आजी अर्धी उठून बसते आणि चहा मागते. मी इथे शक्य तिथे ॲडमिट झाल्या झाल्या हा ब्लॉक देते, ऑपरेशन कधी आहे याची वाट न बघता, आणि मला वाटतं माझ्या कामातलं सगळ्यात समाधानाचं काम हेच आहे. तुमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ येत असतील तर बिनधास्त विचारा, ब्लॉक देता येईल का म्हणून.

विचारायचंच तर अजून एक विचारा, पहिल्याच दिवशी, नीट, भांडणाच्या सुरात नाही: आपण नक्की कशासाठी थांबलोय, आणि ते कधीपर्यंत होईल? उत्तर "फिटनेस" असेल तर त्यातलं नेमकं काय ते विचारा. सोडियम असेल तर किती आहे, किती झालं की घेणार. इको असेल तर तो आल्याने काय बदलणार आहे. सेट यायचा असेल तर निघालाय का. माझा अनुभव असा की एवढं विचारल्याबरोबर निम्म्या वेळा फोन फिरतात आणि गोष्टी हलतात, कारण तोपर्यंत प्रत्येकजण समोरचा बघतोय असं धरून बसलेला असतो. आमच्या एका ठिकाणी आम्ही ऑर्थो, फिजिशियन, मी आणि ब्लड बँकवाला असा ग्रुपच केलाय, खुब्याचा पेशंट कॅज्युअल्टीत आला की एक्स-रेचा फोटो त्यावर पडतो आणि चौघंही एकाच वेळी कामाला लागतो, एकाचं झालं की दुसरा असं नाही. फार मोठी यंत्रणा लागली नाही त्याला. आणि ज्या घरी मुलगा लांब आहे तिथे मी स्वतः त्याला व्हिडिओ कॉल करते, सगळं सांगते, धोके पण सांगते, काही लपवत नाही, आणि म्हणते तुम्ही निघा, पण आम्ही तुमच्यासाठी थांबत नाही, चालेल ना? बहुतेक मुलं "चालेल" म्हणतात. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

काही पेशंटमध्ये ऑपरेशन न करणं हाच योग्य निर्णय असतो, शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर आहे, आजी महिनोन्‌महिने अंथरुणालाच खिळलेली आहे, घरच्यांनी आणि तिने स्वतः विचार करून नको म्हटलंय. तो निर्णय पण पहिल्या-दुसऱ्या दिवशी घ्यावा आणि मग दुखणं कमी करण्यावर सगळा जोर लावावा. न ठरवता पडून राहू देणं हा निर्णय नाही.

ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी उभं करायचं असतं. दुसऱ्या दिवशी, टाके काढल्यावर नाही. "हाड जुळू दे, महिनाभर पाय टेकवू नका" हे या ऑपरेशनला बहुतेक वेळा लागू नसतं, रॉड किंवा गोळा बसवतातच मुळी लगेच वजन टाकता यावं म्हणून. फिजिओ येत नसेल तर सर्जनला विचारून घ्या आणि वॉकर घेऊन घरच्यांनी दोन बाजूंनी धरून उभं करा, आजी ओरडेल, चक्कर येईल, तरी पलंगाच्या कडेला बसवायचंच.

आणि हाडं ठिसूळ होती म्हणून मोडलं, त्याचं औषध बहुतेक डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलंच नसतं. कॅल्शियमची गोळी असते, तेवढ्याने भागत नाही. झोलेड्रॉनिक ॲसिड म्हणून वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन आहे, खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर ते दिलेल्यांचा अभ्यास 2007 मध्ये आला, त्यात पुन्हा हाड मोडण्याचं प्रमाण 35 टक्क्यांनी आणि मृत्यूचं 28 टक्क्यांनी कमी झालं होतं. आधी क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला किडनीचा आकडा, बघावं लागतं, किडनी फार कमजोर असेल तर देत नाहीत, व्हिटॅमिन डी भरून काढावं लागतं, आणि ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे जाऊ देतात. म्हणजे टाके काढायला न्याल त्याच सुमाराला. तेव्हाच हा विषय काढा, कारण एकदा टाके निघाले आणि आजी घरात वॉकरवर फिरायला लागली की तिला फॉलोअपला सहसा कोणी परत आणत नाही.